मन्मथअप्पांची मूठ

वर्गणीवाल्यांना पाहून पळणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. देणगीदाराला पाहून पळालेला माणूस एकच, आमच्या नेकनूरचे मन्मथअप्पा. मांजरसुंब्याच्या फाट्यावर रस्त्यांची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार नोटांचं पुडकं घेऊन त्यांच्या मागे लागला, तेव्हा साठीतले अप्पा धोतर सावरत सुटले ते एका सुटत्या एसटीत चढले. गाडी बीडची आहे हे त्यांना तिकीट काढताना कळलं.

अप्पांचं किराणा दुकान. दारात शाम्पूच्या पुड्यांची नव्या जमान्याची माळ, पण मालकाचा जीव गावच्या वसतिगृहात. आईबाप ऊसतोडीला गेलेली पोरं तिथं राहून शिकायची. त्यांच्यासाठी अप्पांनी घरोघर एकेक डबा ठेवला होता. रोज त्यात मूठभर ज्वारी टाकायची आणि शनिवारी अप्पांनी पोतं घेऊन ती गोळा करायची.

कुणी हौसेनं पायलीभर ओतली की अप्पा वैतागत. "वैनी, मूठच टाका. पायली टाकनारा दोन महिन्यात दमतो!" जास्तीची ज्वारी तिथंच परत. एकदा माझ्या बायकोला परत केली, तर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मापलं अप्पांनी, भोगलं मी.

मी शाळेत मास्तर आणि वसतिगृहाचा चिटणीस. छप्पर गळत होतं आणि सरकारी अनुदान नुसतंच 'निघालंय' म्हणून कळायचं. अशात हा गुत्तेदार वर्षाचं धान्य आणि नवं छप्पर द्यायला निघाला. अट एकच, घरोघरचे डबे बंद. पाटीवर त्याला एकट्याचंच नाव हवं होतं. मी तर मनातल्या मनात पत्रेही ठोकून टाकले होते! म्हणून फाट्यावरच्या पळापळीच्या दुसऱ्या दिवशी तणतणतच दुकानात गेलो.

"अप्पा, कावून नको म्हणता?"

अप्पांनी गूळ फोडायचा थांबवला.

"मास्तर, निजामाच्या काळात एका सावकारानं बोर्डिंग काढलतं. समदा खर्च त्याचा. लई थाट! मी तितंच होतो. एक दिवस त्याचं अन् हेडमास्तराचं बिनसलं, अन् दुपारीच चूल बंद. गावात कुनाला द्यायची सवयच न्हवती. आमी ताट-वाटी घिऊन घरी गेलतो. आता दहा घरं रुसली तरी आपली चूल पेटती."

"मग परत शाळेत गेलात?"

"न्हाई. दुकानात बसलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पुडीच्या कागदावर मी तिथंच गुत्तेदाराला नकार लिहिला, आणि त्यानंही आपल्या घरी एक डबा ठेवावा अशी विनंती केली. अप्पा खूश झाले. मग जरा लाजत म्हणाले, "मास्तर, एक इचारू? उर्दूच्या किताबीत धडा होता. एक पोरगं बाजारात हरवतं. बोर्डिंग सुटलं तवा तो अर्धाच झालता. ते पोरगं घावलं का हो?"

तो उर्दू धडा मला कुठला माहीत!

"घावलं, अप्पा," मी छातीठोकपणे सांगितलं.

"लई बेस झालं," अप्पा म्हणाले. "तवापासून घोर लागलता."