सिन्नरच्या मापाने व्हिएन्ना

आमचे शेजारी नाना भालेराव युरो रुपयांत मोजत नाहीत, सिन्नरमध्ये मोजतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नाशिकहून सिन्नरच्या कारखान्यात एसटीने ये-जा केली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही खर्चाला त्यांच्याकडे एकच माप: तेवढ्या पैशांत सिन्नर किती वेळा होतं.

हे नाना चार दिवस व्हिएन्नाला निघाले. मुलगा अमोल तिथेच नोकरीला आहे. पण कोणी "मुलाकडे का?" असं विचारलं की नाना म्हणायचे, "छे, शहर बघायला. सिटी ब्रेक म्हणतात त्याला." हा शब्द त्यांचा सोसायटीच्या वॉचमनलाही समजावून झाला होता.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून बजेट तपासायला मला बोलावलं.

"कॉफीचे किती धरलेत, नाना?"

"धरलेच नाहीत. एका कपात तीनदा सिन्नरला जाऊन-येऊन होतं."

"आणि तिथे स्वच्छतागृहालाही पैसे पडतात म्हणे."

"एका वेळेला सिन्नरचं तिकीट. मी पाणीच कमी पिणार."

म्हणजे पाण्याच्या बाटलीचेही वाचले, हे त्यांनी मला दोनदा पटवून दिलं. जेवणाला घरच्या दशम्या. राजवाडे बाहेरून, कारण "आत काय, खुर्च्याच असतात." संगीताचा कार्यक्रम त्यांनी मोबाइलवर आधीच पाहून टाकला होता. "नाना, एवढं करून तुम्ही व्हिएन्नात जाऊन नाशिकमध्येच राहून याल," मी म्हटलं. नानांना ते कौतुक वाटलं.

मग हॉटेलचा आकडा दिसला. बाकी सगळ्या खर्चाच्या बेरजेहून मोठा.

"हे काय? अमोलकडे उतरलात तर हे सगळंच वाचेल."

"विचारलं ना त्याला. म्हणाला, बाबा, स्टेशनजवळ घ्या, स्वस्त पडतं. घर लहान आहे त्यांचं, सूनबाई घरूनच काम करते. प्रॅक्टिकल आहे पोरगा."

"मग स्टेशनजवळचं का नाही घेतलंत?"

"लांब पडतं हो ते."

"कशापासून? तुम्हाला तर कुठे आत जायचंच नाहीये."

"हे हॉटेल त्याच्या घरासमोर आहे. रस्त्याकडची खोली मागितलीय, तिचे थोडे जास्त घेतात. सकाळी तो नातीला शाळेत सोडायला निघतो. खिडकीतून दिसतील दोघं."

"पण घरी बोलावलंय ना त्याने?"

"बोलावेल की. वेळ मिळाला तर रविवारी, म्हणालाय."

बजेट तपासायचं म्हणून मी येतानाच स्टेशनजवळच्या दोन स्वस्त हॉटेलांचे दर काढून आणले होते. तो कागद मी खिशातच ठेवला आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"पहिल्या," नाना म्हणाले. "त्याच्या वर गेलं की चेहरे नीट दिसत नाहीत."