आठ घरांचे दहा सेल

आमच्या पोंभुर्ण्याच्या फॉरेस्ट ऑफिसात टॉर्चचा नवा सेल हवा असेल, तर जुन्या सेलला आधी रामटेके भाऊंच्या जिभेवरून जावं लागे. भाऊ आमचे स्टोअरकीपर. कानावर पेन्सिल ठेवतात तशी त्यांच्या कानावर तांब्याची वाकडी तार असे. तारेचं एक टोक सेलच्या बुडाला लावायचं, दुसरं टोक आणि सेलची पितळी टोपी एकदम जिभेवर टेकवायची आणि डोळे मिटायचे. समोर गार्ड ताटकळत उभा. मग निकाल लागे, "जीव आहे अजून. तीन राती चालते हा. घेऊन जा."

"भाऊ, वाघाच्या जंगलात फिरून राह्यलो न मी!" गार्ड रडकुंडीला येई.

"मंग? वाघाले का उजेड पाहिजे?"

जिभेवर नापास झालेला सेलही भाऊ फेकत नसत. त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात शेजारच्या बाई पोत्यावर मोहफुलं वाळत घालत. त्याच पोत्याच्या कडेला भाऊंचे मेलेले सेल ऊन खात पडलेले असत. दोन दिवस ऊन लागलं की मेलेला सेल थोडा वेळ उठून बसतो, हे खरंही आहे. भाऊ त्याला "इसावा देणं" म्हणत. मी त्याच ऑफिसात कारकून, क्वार्टर त्यांच्या भिंतीला भिंत. त्यामुळे हा इसावा मी रोज पाहत असे.

हे उठून बसलेले सेल जायचे भाऊंच्या स्कॅनरमध्ये. स्कॅनर म्हणजे खांद्याला अडकवायचा एक जुना रेडिओ. रानकुत्र्यांचा अभ्यास करायला आलेला एक माणूस जाताना तो भाऊंना देऊन गेला होता. स्कॅनरच्या कपाळावर चार लाल दिवे एकामागून एक पळत राहत आणि वायरलेसवर कुणी बोललं की तिथेच थांबत. सकाळी सात वाजता आमचा वायरलेस ऑपरेटर गेडाम सगळ्या जंगल नाक्यांची हजेरी घ्यायचा. भाऊ स्टोअर आतून लावून, स्कॅनर कानाशी धरून ती हजेरी ऐकत. नाके तेवीस. तेविसाव्या नाक्यावर त्यांचा मुलगा मिलिंद गार्ड होता.

बापलेकात दोन वर्षं बोलणं नव्हतं. मिलिंदने बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडून गार्डची नोकरी धरली, तेव्हा भाऊ भडकले. स्वतः सातवी शिकलेला माणूस; पोराला वकील करायचं, ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मागितली होती. बायको आधीच गेलेली. "त्याचं नाव माह्यासमोर काढू नका," असं त्यांनी साऱ्या ऑफिसला बजावलं, आणि आम्ही ते शहाण्यासारखं पाळलं. आमच्या शहाणपणाची मला आजही लाज वाटते.

होळीनंतर गडबड झाली. उन्हावर उठवलेले सेल आता फार टिकेनात. अठराव्या-एकोणिसाव्या नाक्याशी आले की दिवे मंदावत, आवाज घोगरा होई आणि स्कॅनर गपगार. आठ दिवस तेविसावा नाका काही ऐकू आला नाही. त्यात नदीपलीकडे, त्या नाक्याच्याच बाजूला, मलेरियाची साथ. भाऊंचं जेवण सुटलं.

"गेडामला विचारा ना," मी म्हणालो.

"मी काऊन विचारू?"

"मग स्टोअरमधले नवे सेल टाका."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चोरी करताना सापडलो होतो. "थे सरकारी टॉर्चचे आहेत, बाबू. पोट्टा माहा आहे."

तेव्हा आम्ही एस.टी.ने चंद्रपूरला गेलो. तिथे एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. घुग्घुसच्या खाणवाल्यांचं सामान त्याच्याकडे येई. त्याने चार्जिंगचे सेल काढून दाखवले. भाऊंनी कानावरची तार काढली. मी त्यांचा हात धरेपर्यंत पहिला सेल जिभेवर गेलासुद्धा.

"अहो काका, ये क्या कर रहे हो!" दुकानदार ओरडला.

"कमजोर आहे," भाऊंनी निकाल दिला.

"कमजोर नाही, चार्जिंगचा सेल असाच असतो. पण मरत नाही. रात्रभर चार्जरला लावा, सकाळी पुन्हा नवा."

"मरतच नाई?" भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी सोळा सेल चाटले आणि त्यांतले आठ निवडले. स्कॅनरमध्ये घरं आठच होती. उरलेले आठ दुकानदार फडक्याने पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर एकविसाव्या नाक्यापर्यंत गेला आणि बसला. भाऊ म्हणाले, सेल नवे आहेत, त्यांना अंगात ताकद यायला ऊन पाहिजे. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी आठही सेल पोत्यावर मांडले. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन! संध्याकाळपर्यंत दोन सेल बुडातून फुटले आणि आतलं पांढरं मोहफुलांवर सांडलं. शेजारच्या बाईंनी अर्धं पोतं उकिरड्यावर ओतलं आणि भाऊंशी बोलणं टाकलं. त्यांच्याशी न बोलणाऱ्यांत एकाची भर पडली.

आम्ही पुन्हा चंद्रपूरला. दुकानदाराने आम्हाला लांबूनच ओळखलं आणि सेलची पेटी गल्ल्यामागे सरकवली. मी सगळी हकीकत सांगितली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमचा सेट जुना आहे हो. त्याला बारा व्होल्ट लागतात. साधा सेल दीडचा, आठ लावले की बारा. हा चार्जिंगचा सव्वाचाही भरत नाही. आठ लावून साडेनऊच होतात. दहा लावा."

"घरं आठच आहेत," भाऊ म्हणाले.

"मग दोन घरं बांधा!"

फुटलेल्यांच्या जागी दोन आणि वरचे दोन, असे चार सेल घेऊन आम्ही परतलो. घरी येताच भाऊंनी बांबूचं एक पेर कापलं, मोडक्या टॉर्चच्या पितळी पट्ट्या बसवल्या आणि दोन सेलांची नळी करून तारेने स्कॅनरला जोडली. रेडिओच्या कुशीला बासरी बांधल्यासारखं दिसत होतं. सेल रात्रभर चार्जरला ठेवले. उन्हाचं नाव निघालं नाही.

सकाळी भाऊंनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. एकट्याने ऐकायची हिंमत होत नसावी. हजेरी सुरू झाली. एकोणीस, वीस. एकवीस. दिवे ठणठणीत. बावीस. भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नाका तेवीस?"

"हजर. सब ठीक." मिलिंदचाच आवाज. भाऊंनी भिंतीला डोकं टेकलं. एवढ्यात स्कॅनर पुढे बोलला, "गेडाम भाऊ, स्टोअरवाले कसे आहेत जी?"

"बरे आहेत. कालच्यासारखेच."

कालच्यासारखेच! म्हणजे पोरगा रोज विचारत होता. इसावा घेतलेले सेल कधी तेविसाव्या नाक्यापर्यंत पोचलेच, तरी "सब ठीक" म्हणेपर्यंत दम तोडायचे. आणि नाव काढायचं नाही म्हणून गेडाम गप्प.

भाऊ म्हणाले, "रोज इचारते थो?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून भाऊ वायरलेस रूमच्या दारात उभे. मी मागे. तेविसाव्या नाक्याने नेहमीचा प्रश्न विचारला. गेडाम उठला आणि माइक भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी बटण दाबलं.

"जेवला का बे?"

सकाळी सात वाजता! आणि बटण दाबलेलंच. पलीकडून उत्तर येणार कुठून? गेडामने हळूच त्यांचा अंगठा उचलला. थोडा वेळ नुसती खरखर.

"बाबा? तुमीच बोलून राह्यले का?"

"मी नाई त कोन?"

पुन्हा खरखर. बावीस नाके कान लावून बसलेले असणार, पण मध्ये कुणी तोंड घातलं नाही. मग मिलिंद म्हणाला, "रविवारी येऊ का जी?"

"इचारते काय? ये."

भाऊंनी माइक खाली केला आणि पाठ फिरवली.

"बंद करू का भाऊ?" गेडामने हळूच विचारलं.

"थांब न थोडा," भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाले. "थो काही बोलन अजून."