नसलेल्या बॅटरीची चोरी

बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, रुग्णवाहिकेची बॅटरी कॅप्टन बेनिग्नो यांच्या वाढदिवशी देवाघरी गेली. कॅप्टन हे वॉर्डाचे प्रमुख. रुग्णवाहिकेवर त्यांचा हसरा फोटो आहे आणि कराओकेही तिच्याच बॅटरीवर चालतो. वॉर्डातल्या प्रत्येकाने एकेक गाणं म्हटल्याशिवाय वाढदिवस झाला असं मानायची तिथे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर रोडेलच्या बायकोला कळा सुरू झाल्या. दवाखाना डोंगरापलीकडे, तीनचाकी त्या चढावर धापा टाकते. त्याच्या दारात उभी रुग्णवाहिका हूं की चूं करीना. रोडेलने कार्यालयातला स्मार्ट चार्जर आणून बॅटरीला जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली : बॅटरी नाही.

"अरे, ही काय नाकासमोर बसलीय!"

"ओरडू नकोस," चार्जरमागोमाग आलेले कॅप्टन म्हणाले. "चार्जर स्मार्ट आहे. उद्घाटन मी स्वतः केलंय. तो नाही म्हणतो म्हणजे नाही."

बॅटरी नाही म्हणजे ती चोरीला गेली, असा निष्कर्ष वॉर्डाच्या सचिवबाईंनी काढला आणि पंचनामा सुरू झाला. लिहायला सपाट जागा हवी होती, म्हणून कागद बॅटरीवरच ठेवण्यात आले.

"कॅप्टन, चोरीचा माल तुमच्या कोपराखाली आहे!"

"तपासात ढवळाढवळ नको. आणि काय रे, काल किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली रोडेलकडेच होती. बायको घरात विव्हळत होती आणि इथे त्याच्यावरच आळ यायची वेळ आली होती. तेवढ्यात सासू, सगळ्यांची 'नाय' म्हणजे आई, पासिंग बाहेर आली.

"मेला हा चार्जर तुमच्या कार्यालयासारखाच! जावईबापू, नोकरीला एकटे गेलात तेव्हा काय म्हणाले? जागा नाही. मग लग्नात कॅप्टनांना निनोंग केलं, धर्मबाप म्हणून ते शेजारी उभे राहिले, आणि जागा निघाली. या बिचाऱ्या बॅटरीच्या शेजारीही उभं करा की कुणीतरी भरलेलं!"

ही आपली स्तुती आहे, असं कॅप्टनांना वाटलं. त्यांनी आपल्या मोटारसायकलची चिमुकली बॅटरी देऊ केली. रोडेलने दोन्ही बॅटऱ्या तारांनी जोडल्या, चार्जरला थोडी वीज जाणवली, आणि बॅटरी अस्तित्वात असल्याचं चार्जरने तत्काळ मान्य केलं. थोड्या वेळाने चिमुकली काढून घेतली तरी त्याने तक्रार केली नाही. पंचनामा मात्र सचिवबाईंनी पूर्ण केला. सुरू केलेलं काम त्या अर्धवट टाकत नसत.

बॅटरी भरून रुग्णवाहिका दवाखान्यात पोहोचली, तर कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "खाट नाही."

रोडेलने वाद घातला नाही. फोटो काढून घ्यायला सोबत आलेल्या कॅप्टनांना त्याने फक्त बायकोशेजारी उभं केलं. खाट निघाली. मुलगी झाली, अगदी ठणठणीत, आणि रोडेल ढसाढसा रडला.

बाप्तिस्म्याला त्याने तिचे निनोंग आधीच ठरवून ठेवलेत : कॅप्टन, दवाखान्याचा कारकून, शाळेचे मुख्याध्यापक, आणि वीज कार्यालयातला एकजण.

तुम्ही हसताय? खुशाल हसा. फक्त आधी, 'कधी काम पडलं तर' म्हणून मोबाईलमध्ये जपलेला ओळखीच्या साहेबाचा तो नंबर पुसून टाका. मग एकटेच एखाद्या सरकारी खिडकीपाशी जा, आणि पडद्यावर दिसता का ते बघा.