सहा महिन्यांत माती

चपलांच्या खोक्यावर काय छापायचं हे ठरवायला जावईबुवांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली होती. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत होता आणि कारखान्याचे मालक म्हणत होते, "काहीतरी हिरवं लिहा हो. हल्ली सगळेच लिहितात."

जावईबुवांनी लिहिलं, ‘कंटाळा आला की मातीत पुरा. सहा महिन्यांत माती.’ शेजारी एक पान काढलं आणि ते जेवायला गेले.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. शाळेची प्रयोगशाळा सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. जावयाच्या कंपनीचा माल म्हणून त्यांनी कौतुकाने इमारतीतल्या आठ घरांना त्या चपला घ्यायला लावल्या. वर्षभराने रंग विटले, तेव्हा त्यांनी आठही जोड गोळा केले, बागेतल्या एका वाफ्यात ओळीने पुरले आणि प्रत्येकावर तारखेची पाटी लावली.

सहा महिन्यांनी वाफा उकरला, तर सोळाच्या सोळा चपला जशाच्या तशा. शेजारी जिन्यात अडवून विचारू लागले, "काय मावशी, झाली का माती?"

सासूबाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. "तुम्हाला मध्ये घालत नाही," त्या जावयाला म्हणाल्या. "घरच्या माणसाची अडचण नको."

पत्र दुसऱ्याच दिवशी जावईबुवांच्या टेबलावर आलं. ग्राहकांना उत्तरं देणं हेही त्यांचंच काम होतं. ते वळणदार अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी ‘ग्राहक विभाग’ अशी सही करून कळवलं, की मातीत ओलावा कमी पडला असावा.

सासूबाईंनी चपला पुन्हा पुरल्या आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मग जावईबुवांनी ऊब कमी पडल्याचं कळवलं. सासूबाईंनी वाफ्यावर पालापाचोळ्याचा थर दिला आणि थर्मामीटर खोचून रोजची नोंद ठेवली. तिसऱ्या पत्रात जावईबुवांनी जंतूंवर ढकललं. सासूबाईंनी शेणखत आणून ओतलं आणि इमारतीच्या खिडक्या आठवडाभर बंद राहिल्या.

"आईला सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"सोमवारी सांगतो."

असे चार सोमवार गेले. जेवताना सासूबाई कंपनीची पत्रं मोठ्याने वाचत. "कोण गाढव लिहितं हो हे? तुमच्या ओळखीतला आहे का?"

"तोंडओळख आहे," जावईबुवा म्हणाले आणि आमटीत डोकं खुपसलं.

पाचव्या सोमवारी कारखान्यात मोठी पाहुणी आली. दुकानांच्या एका साखळीसाठी खरेदी करणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांनी होकार दिला असता तर कारखान्याला दोन वर्षांचं काम मिळणार होतं. मालक खोक्यावरच्या पानावर बोट ठेवून निसर्गप्रेमावर बोलत होते. एवढ्यात दार उघडलं आणि पाठीवर गोणी घेतलेल्या सासूबाई आत आल्या. मागून पहारेकरी धापा टाकत होता.

त्यांनी गोणी टेबलावर पालथी केली. शेणखताचा दरवळ खोलीभर पसरला.

"वर्षभर पायात, आठ महिने मातीत," सासूबाई म्हणाल्या. नोंदवही उघडून त्यांनी ती मालकांसमोर धरली. "पाणी दिलं, ऊब दिली, खत दिलं. झाड असतं तर फळाला आलं असतं. आता मला एवढंच सांगा, हे तुम्ही तपासलं कुठे?"

मालकांनी जावईबुवांकडे पाहिलं. जावईबुवांच्या मनात आलं, प्रयोगशाळेचं एखादं भारदस्त नाव ठोकून द्यावं. शब्द जिभेवर आलाही होता. पण समोर वहीत रोजच्या तापमानाचे आकडे होते, आणि ते लिहिणारी बाई पासष्ट वर्षांची होती. ते उठून उभे राहिले.

"तपासलंच नाही. ती ओळ मी लिहिली, आई. पत्रंही मीच लिहिली."

सासूबाईंनी नोंदवही मिटली. "तोंडओळख म्हणे," त्या म्हणाल्या.

मालकांनी कपाळाला हात लावला. खरेदीच्या बाईंनी मात्र एक चप्पल उचलली, कोपऱ्यातल्या नळाखाली धुतली, पट्टा ओढून पाहिला, तळवा दुमडून पाहिला. मग आपली सँडल काढून ती चप्पल पायात घातली आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"आठ महिने मातीत, वर शेणखत? आणि शिवणसुद्धा उसवली नाही?"

"एकही टाका नाही," सासूबाई म्हणाल्या. "सोळाच्या सोळा मोजून घ्या."

"पान दाखवणारे रोज चार जण येतात," बाई मालकांना म्हणाल्या. "वही दाखवणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं. ते पान काढा आणि या बाईंनी जे पाहिलं तेवढंच छापा. माल मी घेते."

नव्या खोक्यावर छापलं गेलं, ‘आठ महिन्यांत माती होत नाही. पुरू नका. वापरा.’ माल पहिल्याच महिन्यात संपला. इमारतीतल्या आठही घरांनी आपापले जोड धुऊन परत मागून नेले, आणि जिन्यात सासूबाईंना वाट मिळू लागली. मालकांनी त्यांना रीतसर नेमलं. खोक्यावरचा प्रत्येक शब्द आता त्यांच्या सहीशिवाय छापखान्यात जात नाही.

जावईबुवांनी परवाच नव्या जोडासाठी मजकूर पाठवला. खूप विचार करून, भीत भीत, एकच शब्द लिहिला होता. ‘आरामदायक.’

कागद संध्याकाळी परत आला. शब्दाखाली लाल रेघ होती आणि बाजूला वळणदार अक्षरात विचारलं होतं, ‘कोणाला?’