कंद-पोहे

भोरमध्ये फुलांचे कंद विकत मिळत नाहीत. ते घर बघायला येतात, आणि पसंत पडलं तर राहतात.

मी लातूरची. आमच्याकडे कंद नर्सरीत जाळीच्या पिशवीत मिळतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यावर मी निनादला सहज म्हणाले, मागच्या अंगणात चैत्रात फुलणारं काहीतरी लावू या. तो म्हणाला, "लावू या म्हणून कसं चालेल? त्यांनी हो म्हणायला हवं." मला वाटलं, आईबाबांबद्दल बोलतोय.

मागचं अंगण म्हणजे चार खाटा मावतील एवढा मातीचा तुकडा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेवढाच दिसतो आणि त्या खिडकीशी मीच जास्त उभी असते. आमच्या या अंगणाला तीन हिवाळे नकार येत होता. निशिगंध बघून गेला तो 'कळवतो' म्हणून गेला. दोन कंद राहायला आले, पण महिन्याभरात अंगाने मऊ पडून, ज्या पाटीतून आले त्याच पाटीत बसून परत गेले. कारण कोणी सांगितलं नाही. अशा बाबतीत कारण सांगत नाहीत.

सासरे एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी ते कुठलीही गोष्ट स्टँडवरच्या कर्ण्यातून सांगितल्यासारखी सांगतात. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या बांदलमामा एक स्थळ घेऊन येणार आहेत. हे शेवटचं. जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारी ब्लॉकवाला येईल, अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसतील आणि स्कूटर तिथे लागेल."

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही अशी माझी इथे ख्याती आहे, आणि ती गुणांत धरलेली आहे. रात्रीच्या भाकरी करताना मात्र खिडकीतून सारखं त्या मातीकडे बघत राहिले. तिच्या जागी ब्लॉक आणि ब्लॉकवर स्कूटर, असं मनात मांडून पाहिलं. भाकरी करपली.

रविवारी सकाळी बांदलमामा आले. डोक्यावर वेताची पाटी, पाटीत सुकं गवत, गवतावर पाहुणे. मामांनी एकेकाला उचलून सोफ्यावर बसवलं. पुढे आत्याबाई, म्हणजे शेंदरी लिलीचा जुना, मुठीएवढा कंद. लांब मान, अंगावर तपकिरी साल चापूनचोपून बसवलेली. त्यांच्या शेजारी भुईचाफा, आल्याच्या तुकड्यासारखा. भुईचाफ्याला मान नसते, पण तो मान खाली घालूनच बसला होता.

"याला कंद म्हणायचं की गड्डा?" बाबांनी विचारलं.

"कागदोपत्री गड्डा," मामा म्हणाले, "पण आमच्यात असलं काही बघत नाहीत."

आई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. पाहुणे खात नाहीत, तरी बशी समोर ठेवायची असते. मामांनी पहिला घास घेतला आणि चमचा तिथेच थांबला.

"वहिनी, यात काय घातलंय?"

"काय म्हणजे? नेहमीचंच. शेंगदाणे, मिरची, कां..." आईंनी तोंडावर पदर धरला.

आत्याबाईंनी बशीकडे बराच वेळ पाहिलं. कंद बोलतात तेव्हा आवाज सालीतून येतो, वर्तमानपत्राची घडी मोडल्यासारखा.

"जवळचे नव्हते," त्या म्हणाल्या. "पण येणंजाणं होतं."

"माफ करा हो. हाताला सवय. मुलीच्या वेळी, मुलाच्या वेळी, सगळ्यांना हेच पोहे केले."

"राहू द्या. जे झालं ते झालं. पुढचं बोलू."

पुढचं बोलणं बाबांनी घेतलं. ऊन कुठलं, तर सकाळचं. माती कुठली, तर काळी.

"पाणी साचतं का?" आत्याबाईंनी विचारलं.

बाबांनी विचार केला. "साचतं असं नाही म्हणता येणार. विनंती थांबा आहे."

"आणि पाणी घालतं कोण? किती?"

एवढा वेळ पडलेल्या चेहऱ्याने बसलेल्या आई खुलल्या. "त्याची अजिबात काळजी नको. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली. मी स्वतः घालते. आमच्या घरी आलेला कोणी कोरडा राहत नाही."

भुईचाफा इंचभर आत्याबाईंच्या मागे सरकला. मी दारात उभी होते, मला ते दिसलं. तीन हिवाळ्यांचं कारणही तेव्हाच दिसलं. ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते प्रेमाने केलेलं होतं.

आईंना मात्र शांतता सहन होत नाही. त्यांनी आतून दुसरं पातेलं आणलं. "हे बिनकांद्याचे आहेत, आत्ता परतले. घ्या."

"नको," आत्याबाई म्हणाल्या.

"नको कसं? थोडे."

"खरंच नको."

थोडे वाढले गेले. बशीत ढीग झाला. आईंचा डाव पुन्हा पातेल्यात गेला आणि भरून वर आला. हा डाव मला चांगला माहीत आहे. लग्नातले ब्लाउज मला आता होत नाहीत ते याच डावामुळे.

"आई," मी म्हणाले, "त्या नको म्हणाल्या."

निनादने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं. डाव हवेत राहिला.

"ही कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"सून आमची, शर्वरी," आई म्हणाल्या. "गुणाची आहे. बोलत नाही."

"आत्ता बोलली."

मग भुईचाफा आत्याबाईंच्या मागून पुढे आला. त्याचा आवाज फारच बारीक होता. "तुम्ही पाणी किती घालाल?"

"विचारून घालीन."

"मी नको म्हणालो तर?"

"तर नाही घालणार."

"थंडीत मी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर झोपलात असं समजेन. मी लातूरची आहे. आमच्याकडे टँकर येतो. न मागता कोणाच्या अंगावर पाणी ओतायची आम्हाला सवय नाही. काळ्या मातीत वाळू मिसळीन, म्हणजे पावसाळ्यातही थांबा राहणार नाही."

भुईचाफ्याने थोडा विचार केला. "आणि तुम्हाला इथे कोणी विचारतं?"

या घरात आल्यापासून मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. आईंच्या हातातला डाव अजून तसाच होता.

"अजून नाही," मी म्हणाले.

मी खिडकीकडे बघू लागले. तुकडा बघून घ्यावा म्हटलं, सोमवार उद्याच होता. मग घडी मोडल्याचा आवाज आला.

"मामा," आत्याबाई म्हणाल्या, "पाटी रिकामी न्या."

बाबा उठून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी ब्लॉकवाल्याला फोन केला. "उद्याची गाडी रद्द," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

दुपारी निनादने समोरच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली. मी माती उकरली, वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं. मागच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. आत्याबाईंनी गडगडत येऊन ते पाडलं, जरा जोरातच. भुईचाफ्याला दोन बोटं खोल निजवलं. आत्याबाईंनी मान मातीबाहेर ठेवायला सांगितली. कोण येतं-जातं ते त्यांना दिसायला हवं होतं.

"नाव काय ठेवायचं?" बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"आहे तेच," आत्याबाई म्हणाल्या. मी माती दाबत होते, ती जरा नीट दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बादली घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होते.

"घालू का?" त्यांनी मातीला विचारलं.

"नको."

आई बादली घेऊन तशाच परत आल्या. उपाशी पाहुणा दारातून परत गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पण रोज विचारत राहिल्या. कधी हो यायचं, तेव्हा तांब्याभर घालायच्या आणि दिवसभर आनंदात असायच्या. पौषात उत्तर येईनासं झालं. तेव्हा त्या दबक्या पावलांनी जाऊन यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "झोपलेत. भांडी आपटू नका."

चैत्र लागला आणि भुईचाफा उघड्या मातीतून वर आला. पान नाही, देठ नाही, नुसती पांढरी-जांभळी फुलं जमिनीवर ठेवल्यासारखी, आणि वास थेट रस्त्यापर्यंत. आत्याबाईंनी मानेतून एकच सरळ दांडा काढला आणि वर चार शेंदरी भोंगे उघडले. बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हे आमच्या स्टँडला हवे होते."

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका पन्हं पुढच्या खोलीत प्यायल्या आणि मागच्या अंगणात उभ्या राहिल्या. बराच वेळ कोणी निघेना. शेजारच्या शेटेकाकूंनी ओटी दोनदा भरून घेतली, लक्षात न येता. त्यांच्या मागोमाग बांदलमामा आले. तीन हिवाळ्यांपूर्वी 'कळवतो' म्हणून गेलेल्या निशिगंधाने आता कळवलं होतं. अंगणात जागा आहे का, असं विचारत होता.

मी आत्याबाईंकडे पाहिलं.

"त्यालाच पोह्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आपण बघू, आणि कळवू."

बायका गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. पुरणपोळ्या होत्या. माझी एक संपली तशी आईंनी सवयीने दुसरी उचलली, आणि माझ्या ताटावर ती धरून थांबल्या.

"घालू का?"

"नको," मी म्हणाले.

पोळी हवेत जराशी हलली. मग आईंनी ती परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"जमतंय," खिडकीबाहेरून आवाज आला.

मी भात खाल्ला, ताक प्यायले. मग ताट पुढे करून आईंकडून डब्यातली अर्धी पोळी मागून घेतली.