म्हशीचा ना-हरकत दाखला

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गाव डोळ्यांपुढे आणा. बिद्रीच्या रस्त्यावरचं, तीनशे उंबऱ्यांचं. साल अठ्ठ्याण्णव. गावात भांडण म्हणून नाही. दूध संस्था तेवढ्या दोन आहेत, समोरासमोर. एकीचं नाव 'एकता', दुसरीचं 'ऐक्य'. दोघांचे चेअरमन रोज एका बशीतला चहा पितात आणि उठल्यावर आपापल्या माणसाला हळूच विचारतात, "बशी कुणाची हुती रं?"

अशा शांत गावात चौथीतल्या संयोगितानं गंभीर चूक केली. आईनं म्हैस घ्यायची ठरवल्यावर तिनं नेमकी कृष्णातमामाची रुपी पसंत केली.

दुसऱ्या दिवशी आई, म्हणजे शालूबाई, किटली घेऊन एकतेत गेली. सेक्रेटरी गणपतरावांनी दूध तपासलं.

"वैनी, फॅट झ्याक हाय. पर म्हस कुणाची?"

"माजी की!"

"आत्ता तुमची. आदी कृष्णातची, म्हंजे ऐक्य गटाची. त्यांचा ना-हरकत दाखला आणा."

ऐक्यचे सेक्रेटरी बाळासो फार सज्जन. "दाखला दिऊ की! पर त्यो सभासदालाच मिळतो. एकतेचा राजीनामा द्या, इकडं सभासद व्हा, लगीच दाखला."

"मग त्यो घिऊन एकतेत कशी जाऊ?"

"ते त्यांस्नी इचारा. दुसऱ्याच्या कारभारात आमी नाक खुपसत न्हाय."

पाच दिवस घरात बासुंदी झाली. सहाव्या दिवशी पातेलं दिसताच धाकट्यानं भोकाड पसरलं. शालूबाई म्हणाली, "बास! ऐतवारी रुपीला गडहिंग्लजच्या बाजारात इकून टाकते."

संयोगिता रुपीच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून तडक चेअरमनांच्या चहावर जाऊन उभी राहिली.

"रुपीलाच इचारा की, तिचा गट कंचा!"

दोघांनी नियम चाळले. म्हशीला विचारू नये, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी चौकात संयुक्त सभा भरली. एका अंगाला एकतेची पेंड, दुसऱ्या अंगाला ऐक्यचं उसाचं हिरवं वाडं. संयोगितानं दावं सोडलं. रुपीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मधनंच चालत जाऊन चौकामागच्या डबक्यात बसली.

गणपतराव पांढरेफटक पडले. "तिसरा गट!"

मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही संस्थांचा ठराव एकमतानं झाला : सदर म्हशीचं दूध गावात कोणत्याही संस्थेनं घेऊ नये.

संध्याकाळी संयोगितानं रुपीची धार काढली, शाळेच्या भिंतीवर खडूनं 'एकी दूध संस्था' असं लिहिलं आणि खाली माप घेऊन बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते तिच्याच बाकावरची श्रुती, हातात तांब्या घेऊन.

"संयू, अर्धा लिटर दे गं. आईनं मागितलंय."

हसताय ना, मुलांनो? हसा. पण आधी कोणत्या ओळीतली मुलं हसली, हे मागं वळून कोण कोण बघतंय, तेही मला दिसतंय.

संयोगितानं माप भरलं, तांब्यापर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं.

"थांब. आदी सांग, तुमचं घर कंच्या गटाचं?"