पुसू नका, टिपा

खैरनार सर पहिल्या भेटीत तुमचा हात धरतात आणि लवकर सोडत नाहीत. उलटा करतात, उजेडाकडे नेतात, बोटांचे सांधे निरखतात. आम्ही इंदिरानगरला राहायला आलो तेव्हा जिन्यातच त्यांनी माझा हात असा पकडला. मला वाटलं, ज्योतिषी असतील. गमतीनं विचारलं, काय दिसतंय? म्हणाले, "भांडी तुम्ही घासता. साबण बदला."

सर सटाण्याकडचे. आयटीआयमध्ये तीस वर्षं वेल्डिंग शिकवून निवृत्त झाले. बायको वारलेली, मुलगी परदेशात. त्यांना त्वचा हा शब्द खपत नाही. त्वचा जाहिरातीत असते, माणसाला कातडी असते, असं त्यांचं म्हणणं. त्या कातडीचे त्यांचे नियम सगळ्या इमारतीला पाठ झालेत: कढत पाण्यानं अंघोळ करू नका. साबण अंगभर फासू नका. अंग पुसू नका, टिपा. आणि ओलसर आहे तोवरच तेल लावा. "ओल आत कोंडायची असते. वाळल्यावर तेल म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण."

एका डिसेंबरात, नाशिक गारठलेलं असताना, त्यांनी सोसायटीच्या बैठकीत ठराव मांडला की सोलरचं पाणी कोमट करावं. अनुमोदन द्यायला एकही हात वर आला नाही. संक्रांतीला त्यांनी तिळगुळाबरोबर घरोघरी पेट्रोलियम जेलीच्या डब्या वाटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा मुलाचे वडील मनगट खाजवत होते. सरांनी भर बैठकीत त्यांना विचारलं, कधीपासून खाजतंय, आणि घरात आणखी कुणाला आहे का. स्थळ परत फिरलं. काकू सरांशी अजून बोलत नाहीत.

मीही त्यांना टाळायचो. जिन्यात चाहूल लागली की दार लोटून घ्यायचो.

गेल्या श्रावणात माझी आई गावाहून आली. तिच्या नडग्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे सुटत होते. सारखी खाजवायची, दिवसभर पेंगायची आणि थंडी वाजते म्हणून शाल सोडत नव्हती. आम्ही म्हटलं, वय झालं. खोबरेल लावत होतो. सर एकदा वर्तमानपत्र मागायला आले आणि त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. आता व्याख्यान, असं मी मनाशी म्हटलं. पण ते तिच्या पायांशी बसले. आईला विचारून तिच्या पायावरून हात फिरवला, तेल कधीपासून लावताय ते विचारलं. दोन महिने, ती म्हणाली.

सर माझ्याकडे वळले. "बाहेर भिंतींना ओल आलीय आणि यांची कातडी तडकतेय. तेल पुरे झालं. उद्या रक्त तपासा."

बघू, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते रिक्षा घेऊन खाली उभे होते.

आईचा थायरॉइड पार मंदावला होता. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. रोज एक गोळी आणि दीड महिन्यानं पुन्हा तपासणी.

मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग विचारलं, "किडनीचंही बघितलं ना?" ते ठीक आहे म्हटल्यावर खुर्चीत बसले.

बायकोबद्दल त्यांनी तेव्हा सांगितलं. तिला दोन हिवाळे अंगभर खाज होती. सर तिच्यावरच चिडायचे, कढत पाणी घेतेस, साबण चोळतेस म्हणून. पुस्तकं आणून वाचली, तेलं बदलली, स्वतःच्या हातानं लावून दिली. थोडं बरं वाटतं, असं ती म्हणायची. पायांवर सूज आली तेव्हा कुठे रक्त तपासलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. खाज त्याचीच होती.

"मी तिची कातडीच बघत बसलो," सर म्हणाले.

डायलिसिसवर ती सव्वा वर्ष जगली. सर रोज तिचं अंग टिपून मलम लावत. शेवटी शेवटी ती पाठीला हात लावू देईना, म्हणायला लागली, "आता नाय खाजत. बसा तुम्ही जरा." सरांना वाटलं, उतार पडतोय. त्यांनी मुलीला तसा फोनही केला. बायको गेल्यावर अंघोळ घालणाऱ्या बायकांनी पाठीवरून चादर काढली. पाठ रक्ताळलेली होती. चादरीखाली हात घालून ती खाजवत राहिली होती.

सरांनी एक पेढा मोडून अर्धा मला दिला. आईची पुढची तपासणी कधी, असं विचारलं. मी तारीख सांगितली. ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि त्या चौकोनात आईचं नाव लिहिलं. महिन्याच्या त्या पानावर दुसरं काहीच लिहिलेलं नव्हतं.